राबाचे पाच फोटो

“मेघा, मोबाईल घेऊन ये गं, पाऊस उघडलाय तंवर,” काळूराम खाचरातूनच ओरडला.

सकाळपासून त्याला दम धरवत नव्हता. फोटो पाठवायचा आज शेवटचा दिवस. कर्जतच्या वाचनालयाने प्रदर्शन ठेवलं होतं, पाच फोटोंत एक गोष्ट सांगायची. त्याच्या बायकोने, येसूबाईने, हिवाळ्यातच ठरवून टाकलं होतं, आपली गोष्ट राबाची, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून घेतात त्याची. चार फोटो तिने स्वतः काढले. काळूराम झाडावर टहाळ तोडतोय. शेण, पाला, मातीचे थर घालतोय. राब पेटवतोय, तोही वाऱ्याच्या उलट अंगाने, म्हणजे आग सावकाश चालते. मग त्याच काळ्या जमिनीत उगवलेल्या रोपांजवळ बसलाय. राहिली होती फक्त लावणी. त्याआधीच येसूबाई तापाने गेली.

चारही फोटोंत काळूरामचं डोकं नव्हतं.

“मुंडकं कुठं गेलं माझं?” त्याने तेव्हा विचारलं होतं.

“तुमचं तोंड मी रोजच बघतेय,” ती म्हणाली होती. “लोकांना काम दिसू दे.”

सून मेघा बांधावरून धावतच आली. “बाबा, वर बघा जरा.”

त्याने बघितलं. फोटो निघाला. चिखलाचे हात मागे धरून तो मोबाईलवर वाकला.

“आगं, ह्यात माझं तोंड हाय.”

“मग? चांगलं आलंय. काल एवढी दाढी केलीत ती वाया घालवू?”

“दाढी ऱ्हाऊ दे. गोष्ट तुझ्या सासूची हाय. तिच्यासारखा काढ.”

मेघा बांधावर उकिडवी बसली. मोबाईल खाली धरला, सासू धरायची तसा. काळूराम घाईघाईने वाकला आणि लावणी करू लागला.

“आला बघा झकास,” ती म्हणाली आणि बोटांनी फोटो मोठा केला.

काळूरामने मान पुढे केली. फोटोत वाकलेली पाठ होती, चिखलात रुतलेली बोटं होती, समोर लावून झालेली हिरवी पात होती, एका माणसाच्या वाट्याचा पट्टा. त्या पातीच्या डाव्या अंगाला मात्र आणखी एका माणसाची पात तशीच रिकामी, पार वरच्या बांधापर्यंत. लावणीत येसूबाईची जागा तीच. सकाळपासून ती जागा सोडून तो लावत लावत मागे सरकत आला होता, आणि त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“दुसरा काढू का, बाबा?”

“नको. ह्योच धाड.”

फोटो गेला. काळूरामने रोपांची जुडी उचलली, वरच्या बांधाशी जाऊन उभा राहिला आणि ती रिकामी पात लावायला वाकला.