वाटीभर पांढरा

"हा नाही. याहून भडक हवा," बायको म्हणाली.

मी नारिंगीचा तिसरा डबा उघडला होता. भिंतीवर हातभर पट्टा ओढला, तर ही अगदी नाक टेकवून बघत होती. तिच्या डोळ्यांचे पडदे झिजत चालले होते. मधलं दिसणं गेलंच होतं, उरलेलंही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्या मोतिया रंगाच्या घरात तिला दार कुठलं आणि भिंत कुठली तेही कळेनासं झालं होतं.

तोडगा तिनंच काढला. चौकटी नारिंगी, न्हाणीघराची भिंत गडद जांभळी, आणि स्वयंपाकघरात उतरताना एक पायरी आहे, ती पिवळीधम्मक.

"अगं, घर आहे की सर्कशीचा तंबू?"

"असू दे तंबू. विदूषक आहेच घरात. अहो, थोडे दिवस राहिलेत. आपलं घर डोळे भरून बघू तरी द्या."

तीस वर्षं मी लोकांची घरं रंगवतोय. गिऱ्हाईक लाल म्हणालं की मी मान डोलवायची आणि डब्यात गुपचूप वाटीभर पांढरा ओतायचा. रंग निवतो त्यानं. महिन्याभरानं तेच गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्री, डोळ्यांना काय गार वाटतंय हो!" या वाटीवरच माझं नाव झालं.

घरीही मी तेच केलं. सवयीनं हात गेला म्हणू? खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली. धंद्यातली माणसं घरी येतात, ती काय म्हणतील? तिनं पसंत केलेल्या प्रत्येक डब्यात मागाहून वाटी ओतली, पिवळ्यात तर दोन. काम सुरेख झालं. मी लांब उभा राहून स्वतःवरच खूश झालो.

चौथ्या दिवशी सकाळी ती पायरीवरून कोसळली. खुबा मोडला.

"पिवळा दिलात ना पायरीला?" जमिनीवर पडल्या पडल्या तिनं विचारलं.

"दिला की."

"मग मला कसा नाही दिसला?" ती रडायला लागली. "म्हणजे गेले हो माझे डोळे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी जीभ रेटली नाही. दवाखान्यात ती दीड महिना होती आणि सगळा वेळ डोळे मिटून पडून राहायची. उघडून काय करू, म्हणायची. मी शेजारी बसून संत्री सोलायचो.

घरी आणायच्या आधी डॉक्टरांनी डोळे पुन्हा तपासले. आता उजेड आणि अंधार एवढंच कळेल, म्हणाले. तिथल्याच बाकावर तिचा हात हातात घेऊन मी तिला वाटीचं सगळं सांगितलं.



"तेव्हा दिसत होतं तर मला."

"हो."

"आणि दीड महिना मी डोळे मिटून घेतले," ती म्हणाली. तिनं माझ्या हातातून आपला हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी सगळं घर पुन्हा रंगवायला काढलं. थेंबभर पांढरा नाही. शेजारीण दारातून डोकावली. "आता कुणासाठी हो एवढा थाट?" मी ब्रश चालवत राहिलो.

काम संपलं तशी मी खाटेशी गेलो. आठ दिवसांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती.

"झालं?"

"झालं."

"कसं दिसतंय? गिऱ्हाइकाला सांगता तसं नको."

"चौकटी डोळ्यांत घुसतात," मी म्हणालो. "जांभळी भिंत इतकी गडद आहे की जवळ जाववत नाही. लोक हसतील."

"हसू देत. पुढे?"

पुढे पायरी होती. त्या पायरीकडे बघितलं आणि मी हातातला ब्रश पुसत बसलो.

तिनं उशीवरची मान माझ्याकडे वळवली.

"सांगा ना," ती म्हणाली.