पुलापासून वेशीपर्यंत

“इथं दुखतंय?”

“न्हाय.”

“आणि इथं?” डॉक्टरीणबाईंनी अंगठा डाव्या नडगीवरून बोटभर खाली सरकवला आणि दाबला.

“न्हाय म्हंजे... तसं काय न्हाय,” हिंदुराव म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तोंड एक सांगतंय आणि डोळे दुसरंच, तर डॉक्टरांनी विश्वास कुणावर ठेवायचा? त्यांनी अंगठा उचलला आणि नव्या एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली.

“गणपतीत ही चीर भरत आली होती, हिंदुराव. आता परत वाढलीय. मी तुम्हाला काय सांगितलं होतं? बूट घालून, मातीवर, दहा मिनिटं, हळू.”

“बूट घालूनच पळालो की मॅडम. धाच मिन्टं. इचारा हिला.”

शेजारच्या स्टुलावर त्याची बायको सुकन्या बसली होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघून म्हणाली, “आनि बुटाच्या नंतर? त्ये बी सांगा की.”

बुटाच्या नंतर हिंदुराव बूट हातात घ्यायचा आणि डांबरी सडकेवर अर्धा तास अनवाणी पळायचा. डॉक्टरांनी बुटाचं विचारलं, त्यानं बुटाचं सांगितलं. अनवाणीचं कुणी विचारलंच नव्हतं, मग त्यात खोटं कसलं? तो आपल्या मनाला असंच समजावत आला होता.

एवढा पाय दुखत असताना माणूस असला उद्योग का करील, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. हिंदुराव सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत शिपाई. वय सत्तेचाळीस. बेल वाजली की उठायचं, फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या, मध्येच साहेबांचा चहा. बावीस वर्षं नोकरी झाली, पण कचेरीतल्या निम्म्या लोकांना त्याचं आडनाव ठाऊक नव्हतं. त्याच्या गावी, वळसंगात मात्र वर्षातून एक दिवस अख्खं गाव त्याचं नाव घ्यायचं. घटस्थापनेला गावचं मंडळ तुळजापूरहून देवीची ज्योत आणतं. गडी आळीपाळीनं ज्योत घेऊन पळतात आणि बाकीचे मागं टेम्पोत बसतात. ज्योत खाली टेकवायची नाही, विझू द्यायची नाही, ती धरणाऱ्याच्या पायांत वहाण असता कामा नये आणि ज्योत चालत न्यायची नाही. ओढ्याच्या पुलापासून वेशीपर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर एकोणीस वर्षं हिंदुरावचे होते. वेशीत त्याची आई दगडाबाई कळशी घेऊन उभी असायची. ज्योत घेऊन आलेल्या पायांवर पाणी घालायचं, हळदकुंकू लावायचं, मग ज्योत देवळात. आई लेकाच्या पायांवर पाणी घालते म्हणून पहिल्या वर्षी त्याला लाज वाटली होती. पुढं पुढं तर तो त्या पाण्यासाठीच पळायला लागला.

बारा महिने भल्या पहाटे उठून तो सराव करायचा तो त्या दोन किलोमीटरसाठी. संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास नडगी ठणकायला लागली. मुरगळली असेल म्हणून आधी दुर्लक्ष केलं. मग एका मालीशवाल्यानं गरम तेल लावून ती दोन महिने रगडली. हाडाला चीर, आणि वरून हा रगडतोय! आषाढात डॉक्टरांकडे आला तेव्हा त्याला जिनाही उतरवत नव्हता.

“आता तीन महिने पळायचं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चालतानाही काठी घ्या.”

“मॅडम, आठ दिसांनी घट हायत. दोनच किलोमीटर. त्येवढ्यापुरती सुई देता?”

“सुईनं दुखणं थांबेल. हाड जोडणार नाही. पळालात तर वाटेतच मोडेल, आणि मग आयुष्यभर लंगडाल.” त्या रागावून बोलल्या नाहीत. हिंदुरावनं पायजम्याची दुमड नडगीवरून खाली ओढली.

संध्याकाळी आईचा फोन आला.

“हिंदा, पाय कसा हाय रं?”

सुकन्या भाकरी थापता थापता थांबली. आईला आज तरी खरं सांगा, असं तिनं रिक्षात दोनदा बजावलं होतं.

“हाय की बरा,” हिंदुराव म्हणाला.

“मी देवीला बोलले हाय. लेकाचा पाय बरा कर, औंदा बी मीच पानी घालीन, दुसऱ्या कुनाला हात लावू द्यायची न्हाय. आता दिसत न्हाय मला नीट, पर पानी घालाया डोळं कशाला लागत्यात?”

“व्हय आई.”

फोन ठेवून तो भिंतीला टेकून बसला. “सांगतो गं,” तो बायकोला म्हणाला. “एकदोन दिसांत सांगतो.” आठ दिवस गेले. त्यानं रोज फोन हातात घेतला आणि रोज खाली ठेवला. आई रडली असती तर त्यानं सोसलं असतं. पण ती म्हणाली असती, बरं, आणि गप बसली असती. ते त्याला सोसणार नव्हतं.

मंडळाच्या शिवप्पाला मात्र त्यानं सांगितलं. शिवप्पा त्याच्याच वर्गातला. “सोड की रं, त्यात काय,” शिवप्पा म्हणाला. “तू टेम्पोत बस. तेलाचा डबा बघाया मानूस लागतोच की. शेवटाला बिरुदेव पळंल.”

घटस्थापनेच्या सकाळी सुकन्या घरच्या घटासाठी सोलापुरातच राहिली. हिंदुराव सात रस्त्यावर टेम्पोत चढला. चढला म्हणजे काय, दोघांनी काखेत हात घालून त्याला वर घेतलं. पायाला पट्टा, हातात काठी, मांडीवर तेलाचा डबा. पुढं पळणारे गडी दर किलोमीटरला बदलत होते. प्रत्येक जण दमून वर आला की हिंदुरावकडं बघून ओशाळं हसायचा आणि दुसरीकडं तोंड करायचा. ती दया त्याला नको होती, पण नको म्हणायचं तरी कसं? त्यानं डब्याचं झाकण उगाचच घट्ट केलं.

ओढ्याच्या पुलावर टेम्पो थांबला. बिरुदेवनं चपला काढल्या. हा बिरुदेव गावात दूध घालतो, दोन पोरांचा बाप आहे, आणि हिंदुरावच्या पाठीमागं पळतच पळायला शिकलेला. ज्योत हातात घेण्याआधी तो टेम्पोजवळ आला.

“काका, धा पावलं तुमी धरा. चालत चला. मी संगट हाय. कोन काय म्हनत न्हाय.”

सगळे हिंदुरावकडं बघायला लागले. त्याचा हात पुढं झालाही होता.

“ज्योत चालत न्यायची न्हाय, बिरू,” तो म्हणाला. “मीच सांगितलंया तुला. पळ तू.”

बिरुदेव पळाला. चांगला पळाला. पाऊल हलकं, खांदे सैल, ज्योत सरळ. कुठं एखादी खोट सापडते का म्हणून हिंदुराव दोन किलोमीटर त्याच्या पायांकडं बघत राहिला. सापडली नाही.

वेशीत हलगी वाजत होती. टेम्पो बिरुदेवच्या अगदी पाठीशी येऊन थांबला. दगडाबाई कळशी घेऊन पुढं झाली आणि चाचपडत खाली बसली. तिनं पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. मग तिचा हात घोट्यावरून वर सरकला. डावी नडगी तिनं बोटांनी खालपासून वरपर्यंत चाचपून पाहिली, दाबून पाहिली. बिरुदेव हलला नाही.

“बरा झाला की रं पाय,” ती म्हणाली. “हाड कसं घट्ट लागतंया. देवीनं ऐकलं माजं.”

हलगीवाल्यांचे हात थांबले. शिवप्पानं काही सांगायला तोंड उघडलं. बिरुदेवनं मान वळवून टेम्पोकडं पाहिलं. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. हिंदुरावनं दोघांकडं बघून मान हलवली, नाही म्हणून.

“हिंदा, बोल की. दम लागलाय व्हय?”

हिंदुराव डबा मांडीवर घेऊन टेम्पोच्या फळीवरून जमेल तेवढा पुढं वाकला. बिरुदेवच्या खांद्यामागून, जमेल तेवढ्या जवळून त्यानं सांगितलं, “झाला बरा, आई.”

दगडाबाई हसली. कळशीत उरलेलं सगळं पाणी तिनं बिरुदेवच्या पायांवर ओतलं. ते त्याच्या टाचांखालून निघालं, टेम्पोच्या चाकापर्यंत आलं आणि तिथल्या धुळीत जिरलं.