टाकीचं विरजण

विठाबाईचा एका गोष्टीत कुणी हात धरायचं नाही, ती म्हणजे स्वच्छता. भांडी घासायची तर तोंड दिसेपर्यंत, मोरी घासायची तर शेजारणीला लाज वाटेपर्यंत. त्यामुळं सून रेणुका वाडीच्या सांडपाण्याच्या टाकीवर कामाला लागली आणि "आत्या, टाकीत जंतू असतात, तेच पाणी साफ करतात," असं कौतुकानं सांगू लागली, तेव्हा विठाबाईला एकच शब्द ऐकू आला. जंतू! अगं बाई, पोरगी दिवसभर जंतूंच्या काठावर उभी!

परंदवडीच्या अलीकडं चाळीस उंबऱ्यांची ही वाडी. मोऱ्यांचं पाणी आधी उघड्या चरातून थेट ओढ्याला जायचं. आता ते आधी टाकीत, मग खडी भरलेल्या कर्दळीच्या वाफ्यात जाई आणि ओढ्याला निवळून मिळे. सरपंच आदिनाथ तर पाहुणे आले की चहाआधी टाकी दाखवायचा.

एक दिवस रेणुका पाहुण्यांना आणायला बेगडेवाडी स्टेशनला गेली. तेवढ्यात विठाबाईनं फिनेलचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन टाकीत रिकामे केले. निव्वळ मायेपोटी. केलेलं बोलून दाखवायची तिला सवय नव्हती, म्हणून कुणाला सांगितलंही नाही.

चौथ्या दिवशी टाकीला अशी घाण सुटली की लोक नाकाला पदर लावून जाऊ लागले. आदिनाथ तावातावानं दारात आला. "रेणुका, शुक्रवारी ग्रामसभा हाय. जमत नसंल तर टाकी बुजवू आन् चर पुन्हा ओढ्याला सोडू."

तो गेला आणि रेणुका चुलीपाशी बसून रडायला लागली. "माझं काय चुकलं तेच कळंना, आत्या. सगळं विरजणच मेलंय."

"विरजण? कसलं?"

"ते जंतूच की! दह्याला विरजण तसे टाकीला ते. कुणीतरी त्यात काहीतरी जहाल ओतलंय."

विठाबाईला ते दोन कॅन आठवले. विरजणाच्या गाडग्याला साबणाचा हात न लावणारी बाई ती! सांगावं तर सून आयुष्यभर तोंड बघायची नाही, गप्प बसावं तर सुनेचं नाव बद्दू होतंय.

शुक्रवारी सभेत आदिनाथनं विचारलं, "टाकी बुजवायची. कुणाचं काय म्हणणं?" विठाबाई उभी राहिली. जन्मात सभेत तोंड उघडलं नव्हतं.

"फिनेल मी वतलं. सुनंची काय बी चूक न्हाई. जंतू म्हटलं की मारायचे, येवढंच मला ठावं."

कुणीतरी फिसकन हसलं. मग मात्र ती खवळली. "हसता काय रं? तुमी मोरीत बाटल्याच्या बाटल्या वतताच की! विरजण बिघडलं म्हून कुणी दही खायाचं सोडतं व्हय? शेजारनं आणतो, पुन्हा लावतो. पंधरा दिस द्या मला."

आदिनाथनं डोकं खाजवलं. "द्या मावशीला पंधरा दिस."

घरी येताना रेणुका चार पावलं पुढंच चालली. सकाळी मात्र तिनंच टेम्पो बोलावला. फिनेलचं पाणी टँकरनं उपसून नेलं. सोमाटण्याच्या एका सोसायटीच्या टाकीवर जाऊन विठाबाई तिथल्या माणसाला म्हणाली, "दादा, वाईच विरजण द्या." तो बघतच राहिला! रेणुकानं समजावल्यावर त्यानं जिवंत जंतूंचा गाळ सहा कॅन भरून दिला. तो आणून वाडीच्या टाकीत ओतला. वाडीतल्या बायकांनी फिनेलच्या बाटल्या माळ्यावर टाकल्या. बाराव्या दिवशी वास गेला आणि कर्दळीला नवा कोंब आला.

महिन्यानं ऐन तिन्हीसांजेला घोरावाडीकडची सारिका कॅन घेऊन दारात आली. "मावशी, आमची बी टाकी बिघडली. विरजण मिळंल का?"

दिवेलागणीला विरजण देत नाहीत, हे विठाबाईनं उभ्या जन्मात पाळलेलं. तिनं एकदा देवापुढच्या दिव्याकडं पाहिलं. मग पदर खोचून सारिकाचा कॅन हातात घेत म्हणाली, "चल, देते. फिनेल कुणी वतलं गं?"

सारिकानं मान खाली घातली. "सासूबाईंनी."

"तिला काय बोलू नगंस हां. मायेनंच वतलं आसंल."

मागं रेणुका उभी होती. तिनं पुढं होऊन सासूच्या हातातला कॅन घेतला आणि म्हणाली, "मला ठाऊक हाय, आत्या."