अक्काचा अरुंद गळ्याचा तांब्या

मी एक पितळी तांब्या. तोंड उघडलं की माझ्या गळ्यातून आधी गुडगुड येते, मग पाणी येतं. तेवढा धीर धरलात तर माझी गोष्ट तुम्हाला ऐकता येईल.

माझा जन्म लातूरचा. गोलाई बाजारामागच्या एका गल्लीत जिलानीचाचा भांडी घडवायचे. माझं पोट त्यांनी फार छान गोल काढलं. पण गळ्याचं काम चालू असताना रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, चाचा मान वळवून बोलत राहिले आणि हातोडी चालतच राहिली. गळा अरुंद झाला तो कायमचा. माझ्यातून पाण्याची धार लागत नाही. ते अडखळत, घोटाघोटानं पडतं.

त्यामुळे मला कुणी घेईना. माझ्याबरोबरचे तांबे लग्नाच्या आहेरात गेले, देवघरात गेले. मला उचलून लोक हसायचे. यातनं पाणी पडेस्तोवर पाहुणा उठून जाईल म्हणायचे. फळीवर धूळ खात पडणं म्हणजे काय, ते मी तिथंच शिकलो.

एकदा वर्षाराणी नावाची बाई दुकानात आली. बिलोलीजवळच्या एका गावची, शिवणकाम करणारी. लातूरला ख्रिस्ती बायकांची सभा होती, त्यासाठी आली होती. तिनं मला उचललं, चाचांकडून पाणी मागून घेतलं आणि फुलपात्रात ओतून बघितलं. कान देऊन ऐकलं. परत ओतलं.

"बाई, इसका गला तंग हाय," चाचा खरं तेच बोलले. "दुसरा देतो."

"न्हाई चाचा, मला ह्योच पाहिजे."

असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं.

तिचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत शिलाई मशीन, दुसरीत चूल. घरात धाकटा भाऊ बसवंत. आई-बाप लहानपणीच गेलेले, तिनंच त्याला मशीन चालवून वाढवलं. तो तिला अक्का म्हणायचा. त्यानं सातवीत शाळा सोडली आणि पुढे जीप धरली. बिलोली ते नरसी अशी माणसं भरायची, हॉर्न वाजवत पळवायची. जेवायचाही उभ्यानंच. दम धरणं हे त्याच्या गावीच नव्हतं.

दर गुरुवारी संध्याकाळी त्या घरात सतरंजी अंथरली जायची. रोजगाराहून परतलेली माणसं हातपाय धुऊन यायची. थोडं गाणं व्हायचं, पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचला जायचा, मग अक्का प्रश्न विचारायची. मी तिच्या उजव्या हाताशी असायचो.

माझ्या येण्याआधी म्हणे ती शाळेतल्या बाईंसारखं विचारायची. गावाचं नाव काय, शिष्य कोण कोण होते. लोक पोरांसारखी उत्तरं द्यायचे आणि जांभया देत घरी जायचे. म्हातारे शेषेराव तर कुठल्याही प्रश्नाला एकच सांगायचे, प्रार्थना कमी पडली. गुणाबाई त्यावरून त्यांची टर उडवायच्या. एकदा शेषेरावांची बकरी हरवली आणि ते शोधत आले, तर गुणाबाईंनीच तोंडावर सांगितलं की भाऊ, प्रार्थना कमी पडली.

लातूरहून आल्यावर अक्का बदलली. ती प्रश्न एकच विचारायची आणि ज्याचं उत्तर तिलाही पुरतं ठाऊक नाही, असाच विचारायची. विचारून झालं की मला उचलायची. गुडगुड, गुडगुड. पाणी फुलपात्रात पडायला वेळ लागायचा. मग ती घोट घोट प्यायची. सगळे गप्प. जड, अवघड शांतता. दुसऱ्या कुणाला ती सोसली नसती, आपणच उत्तर देऊन मोकळं झालं असतं. पण तिच्या तोंडात पाणी असायचं. आणि मग कोपऱ्यातून कुणीतरी, कधी न बोललेलं, हळूच बोलायला लागायचं.

बसवंत दारात उभा राहून हे बघायचा आणि त्याचा जीव वर-खाली व्हायचा.

"अक्का, तुला साखर झाली का काय? सवाल टाकती की लगेच तहान लागून रायली."

"तोंडाला काम पाहिजे रे माझ्या," ती हसून म्हणायची. "न्हाईतर ते नको तिथं बोलतंय."

त्याला वाटायचं, अक्का थट्टा करतेय.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. आधी साधा वाटला, मग तिचं अंग उचलेना. बसवंतनं जीप दारात लावली. निघताना तिनं पाणी मागितलं. त्याच्या हातानं माझ्यातून दोन घोट प्यायली, बाकीचं तसंच राहिलं. त्या दिवशी त्यानं वाटेत एकही माणूस भरलं नाही. हॉर्नवरचा हात न काढता थेट नांदेड गाठलं. तो वेळेत पोचला, असं दवाखान्यातले लोकही म्हणाले. तरी अक्का गेली.

मातीहून परत आल्यावर त्यानं मला उचललं. आत पाणी होतं. ओतायला मोरीपर्यंत गेला आणि तसाच मागे फिरला. चुलीवरच्या फळीवर, अगदी मागे, डब्यांच्या आड त्यानं मला ठेवलं. ते पाणी हळूहळू आटलं. आमच्याकडचं पाणी खारं. अक्कानं ते जिथवर ठेवलं होतं, तिथं माझ्या आत पांढरी रेघ उरली.

मी त्या अंधारात राहिलो. मशीनचा आवाज बंद झाला होता. कधी बसवंत चुलीपाशी यायचा, चहाला पाणी ठेवायचा आणि ते उकळून आटलं तरी नुसता उभा राहायचा. जेवायला बसवणारं कुणी उरलं नव्हतं, तर तो आपण होऊन बसून जेवू लागला.

गुरुवार मात्र त्यानं मोडू दिला नाही. अक्काचा गुरुवार मी चालवणार, असं त्यानं बिलोलीच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगून टाकलं. विचार केलाच नव्हता त्यानं. मी फळीवरून ऐकायचो. तो घाईघाईनं वाचायचा, प्रश्नामागून प्रश्न फेकायचा आणि कुणी तोंड उघडायच्या आत उत्तर स्वतःच द्यायचा. पुढ्यात प्लास्टिकची बाटली असायची, तिचं टोपणही उघडलं जायचं नाही. शांतता पडली की तिच्यात त्याला अक्काची जागा रिकामी दिसायची, म्हणून तो ती पडूच देत नव्हता. हे मला कळत होतं. माझाही गळा अरुंदच.

माणसं गळत गेली. शेवटी गुणाबाई आणि शेषेराव एवढेच उरले. पाळकसाहेबांनी प्रेमानंच सांगितलं, या गुरुवारनंतर इथली सभा बंद करू, आहेत त्यांनी रविवारी बिलोलीला यावं. ते गेल्यावर जीपच्या दाराला बसवंतनं अशी लाथ मारली, की ते दार अजून नीट लागत नाही.

त्या शेवटच्या गुरुवारी गुणाबाई लवकर आल्या. त्यांनी दारोदार फिरून आणखी चार माणसं ओढून आणली होती. आत येऊन त्यांनी पाणी मागितलं, बसवंतनं बाटली पुढे केली.

"ह्ये ठेव तुझ्या जीपमदी," त्या म्हणाल्या. "अक्काचा तांब्या कुठाय?"

विचारत विचारतच त्यांनी डबे सरकवले आणि मला बाहेर काढलं. माझं काळवंडलेलं अंग बघून त्यांनी पदर खोचला. मोरीवर बसून चिंचेनं मला घासायला लागल्या. आत बोटं घालणार तोच बसवंतनं त्यांचा हात धरला.

"आतनं नको, मावशी."

त्यांनी आत डोकावून पाहिलं. ती रेघ त्यांना दिसली असावी. मला नुसतं विसळलं, भरलं आणि त्याच्या उजव्या हाताशी आणून ठेवलं.

उतारा होता शास्त्रातल्या दोन बहिणींचा. त्यांचा भाऊ आजारी पडतो, त्या येशूला निरोप धाडतात आणि तो पोचेपर्यंत भाऊ मातीत गेलेला असतो. बसवंत वाचत निघाला. निरोप मिळाला, तरी येशू आहे तिथंच आणखी राहिला, असं जिथं लिहिलंय तिथं तो थांबला. तीच ओळ पुन्हा वाचली. पान मिटलं.

"निरोप मिळाला व्हता त्याला," तो म्हणाला. "मग लगेच का न्हाई निघाला त्यो?"

पुढचा प्रश्न त्यानं फेकला नाही. आवाज फुटेल म्हणून त्यानं चाचपडत मला उचललं आणि फुलपात्रात ओतायला लागला.

गुडगुड. गुडगुड.

मी घाई केली नाही. मला ती करताच येत नाही.

शेषेरावांनी तोंड उघडलं. नेहमीचं उत्तर त्यांच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. बसवंत तोंडात पाणी घेऊन त्यांच्याकडे बघत होता. शेषेरावांनी ओठ मिटले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

बसवंतनं फुलपात्र रिकामं केलं.

"मलाबी ह्येच इचारायचं हाय," गुणाबाई म्हणाल्या. सगळ्यांची टर उडवणाऱ्या गुणाबाईंचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "माझं लेकरू गेलं तवाधरनं. पर कुणी इचारूच देईना. समदे म्हणायचे, देवाची मर्जी."

मग आणखी एक जण बोलला, मग आणखी एक. उत्तर कुणाकडेच नव्हतं. पण दिवेलागण होऊन गेली तरी कुणी उठेना. जाताना शेषेराव दारात अडखळले आणि पुढच्या गुरुवारी येतो म्हणाले.

माणसं गेल्यावर बसवंत सतरंजीवरच बसून राहिला. मला हातात घेऊन फिरवत होता. "तोंडाला काम पाहिजे," असं तो एकदाच पुटपुटला. मग रडला, पहिल्यांदाच, दाराला लाथ न मारता.

आता मी रोज घासला जातो, फक्त बाहेरून. गुरुवारी पुन्हा उजव्या हाताशी असतो. सभा बंद करायची गोष्ट पाळकसाहेबांनी पुन्हा काढली नाही. माणसं येतात, थोडी येतात. बाकीचे सहा दिवस हे घर मोठं वाटतं. ज्या ओठांनी माझ्यातलं पाणी पहिल्यांदा घोट घोट प्यायलं ते ओठ परत येत नाहीत, हे पितळेलाही कळतं.

तुम्हाला एकच मागतो. कुणाला खरंच काही विचारलंत, तर लगेच बोलू नका. जवळ भांडं असेल त्यातलं पाणी प्या, सावकाश. समोरचं माणूस कदाचित कितीतरी वर्षांपासून बोलायचं थांबलेलं असेल.

माझ्यात बसवंत पाणी भरतो, तेव्हा ते त्या पांढऱ्या रेघेशी आलं की थांबतो. तिच्या वर तो मला कधीच भरत नाही.