कोपराची उंची

गुडघे टेकून तो टेबलाखाली वाकला आणि टेपचं टोक गालिच्यावर अंगठ्याने दाबून धरलं.

"हात सैल सोडा, मॅडम. खांदे उचलू नका. पावलं जमिनीला पूर्ण टेकू द्या."

"टेकत असती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" खुर्चीतल्या बाई म्हणाल्या.

बाई कंपनीच्या नव्या संचालिका होत्या. टेबल मात्र निवृत्त झालेल्या संचालकांचं होतं, साडेतीस इंच उंच. ते गृहस्थ चांगले सहा फुटी. त्याने खुर्चीची कळ दाबून बाईंना सावकाश खाली आणलं. पावलं टेकली तेव्हा कोपर जमिनीपासून पंचवीस इंचांवर आलं आणि टेबलाची कड छातीशी भिडली. त्याने वहीत आकडा लिहिला. मग त्याचं लक्ष टेबलाखाली गेलं. तिथे छपाईच्या कागदाचे दोन न फोडलेले गठ्ठे एकावर एक ठेवलेले होते. वरच्या वेष्टनावर टाचांचे दोन खळगे पडले होते.

"हे केव्हापासून?"

"दहा महिने झाले. सवय झालीय आता. आणि हे बघा, नव्या टेबलाची उंची हीच राहू द्या. समोर बसणारे आधीच माझ्याकडे वाकून बघतात. आणखी खाली गेले तर त्यांना दुर्बीण लागेल."

इथे हसायला हवं होतं हे त्याच्या ध्यानात आलं, तोवर ती वेळ निघून गेली होती. त्याने टेप गुंडाळला. हल्ली पुष्कळ गोष्टी त्याच्यापर्यंत अशाच उशिरा पोचत.

कारखान्यात सगळे त्याला गुण्या म्हणत. सुतार काटकोन पाहायला वापरतात तो गुण्या. सव्वीस वर्षं त्याने दुसऱ्यांसाठी टेबलं आखली होती, आणि त्याची रीत ठरलेली होती: आधी माणूस मापायचा, मग लाकूड. त्याच्या वह्यांमध्ये चारशेच्या वर माणसांची कोपरं होती. टेबल पोचल्यावर कुणी कुरकूर केली, तर तो वहीचं पान उघडून दाखवी आणि एवढंच म्हणे, "मापाप्रमाणे आहे." त्यावर कुणाला बोलता येत नसे.

पण बायको गेल्यापासूनच्या चार महिन्यांत त्याच्या हातून दोन चुका झाल्या होत्या. एका टेबलाचे खण भिंतीकडे उघडत होते. दुसऱ्याला तारा ओवायचं भोकच राहून गेलं होतं. मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं होतं.

"गुण्या, मला बोलायला जड जातंय. पण हे संचालिकांचं टेबल नीट गेलं नाही, तर नकाशे मी तुझ्या हाताखालच्या त्या नव्या मुलीकडे देणार. तू दुकानात बस, गिऱ्हाइकांशी बोल."

"बरं," तो म्हणाला होता. मालक अजून काही ऐकायला थांबले होते. तो वही उचलून बाहेर आला होता.

संध्याकाळी घरी येऊन त्याने चहाचं आधण ठेवलं. ओट्यासमोर उभं राहताना घोट्याला काहीतरी लागलं. तेच ते ठेंगणं स्टूल. इतक्या वर्षांत ते त्याच्या पायात कितीदा आलं असेल याची गणती नव्हती. 'कोण ठेवतं हे मधे,' असं म्हणत तो रोज पायाने ते ओट्याखाली सारी, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच असे. चार महिने मात्र ते ओट्याखालीच पडून होतं. काल मोलकरणीने लादी पुसताना ओढलं असणार.

त्याने ते उचललं. वरचा रंग दोन ठिकाणी उडाला होता. दोन लांबट पट्टे, शेजारी शेजारी, टाचेकडे जरा खोल. बसण्याने स्टूल असं झिजत नाही.

तो ते हातात धरून उभा राहिला. मग ओट्यावर ठेवून टेप काढला. साडेचार इंच. ओटा अडतीस. हे घर घेतलं तेव्हा ओट्याची उंची त्यानेच गवंड्याला सांगितली होती, आपलं कोपर दाखवून. बायको त्या दिवशी कुठे होती, ते आठवेना. चहा उतू जाऊन गॅस विझला. त्याने बटण बंद केलं आणि लेकीला फोन लावला.

"जेवलात का, बाबा?"

"आईला ओटा उंच पडायचा का गं?"

पलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"ती कधी बोलली नाही."

"बोलली होती. आपण राहायला आलो त्याच आठवड्यात. मी तिथेच अभ्यास करत बसले होते. तुम्ही म्हणालात, मापाप्रमाणे आहे. मग ती म्हणाली, चालेल."

"आणि नंतर?"

"नंतर काय, बाबा. बावीस वर्षं चाललं की."

फोन ठेवल्यावर त्याने एक जुनी वही काढली, मग दुसरी. बँकेचे मॅनेजर होते, डोळ्यांचे डॉक्टर होते, एक डावखुरे न्यायाधीश होते. जिचं कोपर शोधत होता ती कुठल्याच वहीत नव्हती. तरी त्याने शेवटच्या पानापर्यंत वह्या चाळल्या.

आठवड्याने त्याने नकाशा मालकांपुढे ठेवला. मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पंचवीस इंच? अरे, शाळेतलं बाक करतोयस का? त्यांनी उंची तीच ठेवायला सांगितलीय ना?"

"समोरून तीच आहे. पाहुण्यांच्या बाजूची फळी साडेतीसपर्यंत वर घेतलीय. वर कागद ठेवण्यापुरती सपाट पट्टी. आतलं टेबल बाईंच्या कोपराला. बाहेरून कळणार नाही."

"नसती भानगड. त्यापेक्षा टेबल सरळ साडेतीसचं कर आणि त्यांच्या खुर्चीखाली लाकडी चौथरा देऊन टाक. एका दिवसाचं काम."

"पायाखाली काही नको."

त्याचा आवाज चढला नव्हता. तरी मालकांनी नकाशावरून मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. चार महिन्यांत त्याने पहिल्यांदाच कशाला तरी नाही म्हटलं होतं.

"बघ बुवा," मालक म्हणाले. "तुझ्या जबाबदारीवर."

टेबल बसवायला तो मिस्त्रींबरोबर स्वतः गेला. मिस्त्रींनी शेवटचा स्क्रू पिळला, फडक्याने कड पुसली आणि सामान घेऊन ते बाहेर गेले. संचालिका आधी पाहुण्यांच्या खुर्चीत बसून समोर बघत राहिल्या. मग वळसा घालून आपल्या जागी आल्या. त्याने खुर्ची खाली घेतली. बाईंनी दोन्ही कोपरं टेबलावर ठेवली. खाली त्यांचा उजवा पाय पुढे सरकला, काहीतरी शोधत चाचपडला, थोडा डावीकडे गेला. तिथे काही नव्हतं. मग ते पाऊल गालिच्यावर टेकलं, आणि त्याच्या शेजारी दुसरंही.

बाईंनी खण उघडून पाहिले, फोन उचलून ठेवला. तो वही उघडून उभा होता.

"काही अडचण?"

"नाही," त्या म्हणाल्या. "चालेल."

एरवी त्याने वही मिटली असती. मिस्त्रींनी बाहेरून हाक मारली, गाडी खाली उभी आहे म्हणून. तो हलला नाही.

"चालेल नको, मॅडम," तो म्हणाला. "काय ते सांगा."

बाईंनी त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"तसं फार काही नाही. हा डावीकडचा खण... ओढायला थोडा जड जातो. पण होईल सवय."

त्याने वहीत लिहून घेतलं. मग वही टेबलाच्या कडेला ठेवली, पेचकस काढला आणि गुडघे टेकून खाली बसला.

"आणखी?" त्याने खालूनच विचारलं.