हंबरड्याची जागा

"ते सोड," राजदीप म्हणाला. "गिटार एकदम बंद होते अन् नुसता बेस चालते, ती जागा पाय. गानं म्हंजे भात हाय बे, अन् ती जागा म्हंजे लोनचं."

लालसूला ते पटलं नाही. त्याच्या मते खरी जागा ती, जिथं दोन गिटार शर्यतीच्या बैलांसारख्या जोडीनं सुटतात. "बेस तं कूलरही वाजवते," तो म्हणाला.

प्रणित जळालेल्या पंपाची कॉइल कापत बसला होता. चंद्रपुरातल्या त्याच्या मोटर वायंडिंगच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी आणि हे दोघे जास्त. तिघांचा मिळून एक बँड होता, तिथल्या उघड्या कोळसा खाणींवरून 'ओपनकास्ट' नावाचा. राजदीप ड्रम बडवायचा, लालसू गळा खरवडून गायचा आणि प्रणित गिटार वाजवायचा. हेवी मेटल म्हणजे भंगाराचा जोडधंदा असावा, अशी गल्लीची बरेच दिवस समजूत होती. समजूत दूर झाल्यावर गल्लीला जास्त वाईट वाटलं; भंगारात निदान काही सुटलं तरी असतं.

"अन् आपल्या 'राखड' गान्यातली जागा?" राजदीपनं मोबाइल पुढे केला. "हा ब्राझीलचा कोनी हाय. जगभरच्या गान्यातल्या आवडीच्या जागा त्यानं काढल्या, त्यात आपली हाय. सारं बंद होते अन् ते बाई रडते, तिथी. म्हने, गाडी बाजूले घेऊन थांबला तो. लोकं इचारून राह्यले, बाई कोन हाय. मी लिवलं, कॉम्प्युटरवर बनवली."

"बरं केलं," प्रणित मान खाली घालूनच म्हणाला.

"शनिवारी दिव्यानी येनार ना?" लालसूनं विचारलं.

इथं मात्र प्रणितचा हात थांबला. दिव्यानी त्याची चुलत बहीण, नर्सिंगला शिकणारी. दादाचा बँड म्हणजे भांड्यांचं पोतं जिन्यावरून सोडलेलं, असं तिचं मत होतं आणि म्हणूनच 'राखड' तिनं आजवर ऐकलं नव्हतं. पण शनिवारी तिच्याच कॉलेजात कार्यक्रम, आणि ती हॉस्टेलच्या पोरी घेऊन पहिल्या रांगेत बसणार होती.

"दिव्यानी ओळखन तो आवाज," लालसू म्हणाला. "आपल्या आईचं रडनं कोन नाई ओळखत?"

"मंग शनिवारपुरती ती जागा काढून टाकू," राजदीप म्हणाला. त्याच्याकडे प्रत्येक अडचणीवर उपाय असे आणि उपायानंतर अडचण वाढलेली असे.

प्रणितनं कॉइल पुन्हा कापायला घेतली. काढायचं त्याच्या मनातच नव्हतं. ती जागा काढली की 'राखड' म्हणजे नुसता आवाज उरतो, हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं.

ती बाई म्हणजे मनकर्णा, दिव्यानीची आई आणि प्रणितची मोठी आई, म्हणजे थोरली काकू. मूलच्या पुढे तिचं गाव. तिची थोरली मुलगी सरिता प्रणितच्या बरोबरीची. दोघांनी एकाच सायकलवर शाळा केली. सरिताला सिकलसेल हा रक्ताचा आजार. हातपाय ठणकले की ती हसून सांगायची, 'माहं वायंडिंग जळलं, तू भरून दे.' दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ती गेली.

त्या गावात मयताच्या घरचं रडणं एकदा होऊन संपत नाही. पाहुण्यांची गाडी आली की उतरणारी बाई वेशीपासूनच हेल काढते, घरची बाई तिच्या गळ्यात पडते आणि निवत आलेलं रडणं पुन्हा पहिल्यापासून पेटतं. कोण वेशीपासून रडत आली आणि कोण दारापर्यंत कोरडी आली, हा हिशेब गाव कधी बुडू देत नाही.

सरिताच्या वेळी ब्रह्मपुरीच्या पाहुण्यांची काळीपिवळी जीप आली तेव्हा मनकर्णाचा आवाज वर गेला, वर जाऊन फुटला आणि फुटल्यावर क्षणभर एकाच गळ्यातून दोन सूर निघाले. प्रणितच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिथंच थांबलं. लालसू इतके दिवस गळा सोलून जे शोधत होता, ते हे. त्यानं खिशातून मोबाइल काढेपर्यंत सूर विरला होता.

पुढचं त्यानं राजदीप-लालसूलाही सांगितलं नव्हतं. गोंडपिपरीची आत्या अजून यायची होती. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून तो त्यानं शर्टाच्या खिशात उलटा ठेवला आणि दाराशी भिंतीला टेकून उभा राहिला. मयताच्या घरी माणसं पाहुण्यांची वाट बघतातच. हा दुसऱ्या टेकची वाट बघत होता. बघणाऱ्यांना वाटलं, पोरगा बहिणीच्या दुःखानं सुन्न झाला. तेवढं पुण्यही त्याच्या खात्यावर फुकटच जमा झालं.

आत्या आली. सूरही आला.

दिव्यानीकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून शुक्रवारी दुकान बंद ठेवून प्रणित मोठ्या आईच्या गावी गेला. मनकर्णा अंगणात लाखोळीचे दाणे पाखडत होती. ऊन चांगलंच तापलं होतं.

"कोन, प्रणित? काऊन गा, पंप जळाचे बंद झाले काय चांद्याले?"

तो बसला नाही. बसला असता तर बोलणं झालं नसतं.

"मोठी आई, सरिताच्या वक्ताले तू रडली, ते मी मोबाइलमंदी भरून घेतलं. अन् आमच्या गान्यात टाकलं."

सूप थांबलं.

"माहं रडनं? गान्यात?"

"हो."

"कोन आयकते ते?"

"लय लोकं. बाहेरच्या देशातले बी."

"काऊन?"

"आवडते त्याईले," तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

मनकर्णानं पदराला हात पुसले. "लाव."

गिटार सुरू झाली, ड्रम सुरू झाला. "पीठगिरनी हाय का गा हे?" ती म्हणाली. मग सगळं बंद झालं आणि तो सूर आला. तिनं मान कलती करून ऐकलं. ड्रम परत आल्यावर ती म्हणाली, "हे माहं नोय."

"तुहंच हाय."

"म्या सरूचं नाव घेतलं होतं. नाव कुठी हाय?"

"कापलं."

"काऊन?"

"गान्यात बसत नव्हतं."

दाण्यातला खडा बघावा तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर त्याला उभं राहायला आधार झाला असता.

"पुरं हाय काय तुह्यापाशी?"

होतं. सुरापुरता तुकडा घेऊन बाकीचं त्यानं मोबाइलमध्ये तसंच पडू दिलं होतं, पुढे कधी ऐकलंही नव्हतं. त्यानं ते लावलं. बायांची कुजबुज, गाडीचा ब्रेक, गल्लीतून येणारा आत्याचा हेल. मग मनकर्णाचा आवाज, "सरू, माय वो," आणि त्याला लागून तो सूर. प्रणितनं बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली.

मोबाइलमध्ये काहीतरी धप्पकन पडलं. बायांचा गलका झाला. "घेरी आली वो हिले. पानी आना." मग शेजारच्या मीराबाईचा आवाज, अगदी जवळून: "प्रणित, तुह्या बाजूले माठ हाय. पानी दे गा." थोड्या वेळानं पुन्हा, "अरे प्रणित. आयकत नाई काय?"

त्यानंतर खिशाच्या कापडाची सळसळसुद्धा नव्हती. इतका तो निश्चल उभा होता. कोणीतरी धावत आलं, भांडं वाजलं, पाणी सांडलं, आणि दिव्यानीचा रडका आवाज आला, "आई, घे. घोट घे."

रेकॉर्डिंग तिथंच संपलं. मीराबाईची हाक त्याला आठवत नव्हती. त्या वेळी ती त्यानं ऐकलीच नव्हती; सूर विरतो कुठवर, तेवढंच तो ऐकत होता.

"तू नाई म्हनशीन तं नाई वाजवत उद्या," तो म्हणाला. त्याचा आवाज लालसूहून खरखरीत झाला होता.

मनकर्णानं सुपातला दाणा बोटानं इकडचा तिकडे केला.

"दिव्यानीले मी सांगीन फोनवर. तू नको सांगू तिले," ती म्हणाली. "अन् वाजवाचं तं नावासकट वाजव."

गुडघ्यावर हात देत ती उठली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्यानं भरलेला गिलास होता.

"घे गा. उनातून आला तू, अन् तुले पानीच नाई इचारलं म्या."

त्यानं गिलास दोन्ही हातांनी घेतला. ती पुन्हा सुपाशी जाऊन बसली, पाखडू लागली, फोल उडू लागलं, तरी तो भरला गिलास धरून तसाच उन्हात उभा होता.