स्वीडनच्या मंत्रीणबाईंचे टक्के

"मॅडम, दहावीत तुम्हाला किती टक्के पडले होते?"

ईश्वरीने माईकमध्ये विचारलं आणि दुबईतल्या अल कुसैसच्या त्या शाळेचा अख्खा हॉल गारठला. मागे तिच्या मैत्रिणींनी, शुभ्रा आणि कुबराने, तोंडात रुमाल कोंबले. पैज त्यांचीच होती. "डिबेट जिंकल्यापासून फार उडतेस ना? मग विचार पाहुणीला! नाही विचारलंस तर खलास."

पाहुणी म्हणजे आग्नेता लुंडमार्क, स्वीडनच्या माजी वाहतूकमंत्री. सत्त्याण्णवच्या त्या हिवाळ्यात दुबईला कसल्याशा परिषदेसाठी आल्या होत्या आणि प्रिन्सिपल दौलत सरांनी त्यांना गळ घालून दहावीच्या मुलांसमोर आणलं होतं. ईश्वरीला उत्तर ठाऊकच होतं. नव्वदच्या वर! मंत्री म्हटल्यावर आणखी काय? तिच्या बाबांनीही तिचं तसंच ठरवून टाकलं होतं. नव्वदच्या वर मार्क, पुण्याला मामाकडे अकरावी सायन्स, मग इंजिनियरिंग.

बाई हसल्या. "आठवत नाही गं. आजवर कुणी विचारलंच नाही."

विचारलंच नाही? इथे तर लिफ्टमध्ये भेटलेली अनोळखी काकूसुद्धा आधी टक्के विचारते, मग नाव.

"कॉलेजला मी गेलेच नाही," बाई पुढे म्हणाल्या. "बस चालवायचे. बर्फातून."

दौलत सरांचा हात टायच्या गाठीवर गेला. "मॅडम गंमत करतायत, मुलांनो."

"नाही हो! ड्रायव्हरांच्या युनियनमध्ये भांडायला शिकले. तिथून नगरपालिका, मग संसद, मग मंत्रिमंडळ."

ईश्वरीने माईक काही सोडला नाही. "मग मंत्रिपद कशामुळे गेलं?"

"गेलं नाही, सोडलं. छोट्या गावांच्या गाड्या बंद होणार नाहीत असा शब्द दिला होता मी. सरकारने बंद करायचं ठरवलं. राजीनामा दिला आणि परत बसवर गेले."

"लोक हसले नाहीत?"

"हसले ना. मग तिकीट काढून बसले."

ईश्वरी जागेवर येऊन धपकन बसली. कुबराने तिला चिमटा काढला. "वल्ला, शप्पथ, पैज जिंकलीस! बोल की काहीतरी, पुतळा झाला हिचा!"

संध्याकाळी जेवताना तिने सगळं सांगितलं, तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला. "बस ड्रायव्हर? मिनिस्टर?"

"आणि मिळालेलं मंत्रिपद सोडलं?" आई म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे ना त्या बाईचं?"

"तिकडचं तिकडे, प्रमिला," बाबांनी विषय मिटवला. "मामाने क्लासची सीट धरून ठेवलीय. उद्या फोन करून हो म्हणायचंय."

"बट बाबा, डिड एनिवन आस्क मी?"

"त्यात विचारायचं काय?"

ईश्वरीने ताट पुढे सरकवलं. आवाज अगदी स्पष्ट निघाला. तिचं तिलाच नवल वाटलं.

"मी पुण्याला जाणार नाही. अकरावीला इथेच कॉमर्स घेणार, आणि पुढे लॉ. मामाला तुम्ही सांगताय, का मीच सांगू?"